लाइट गेली की दुसऱ्या दिवशी घर अडतं: दरवर्षीच्या दुखण्यावर आमच्या घरातला इलाज

तक्रार एकच आहे आणि ती दर पावसाळ्यात येते. मिरगाचा पहिला जोराचा पाऊस, कुठेतरी फणसाची फांदी तारांवर, आणि लाइट गेली. पहिला तासभर काही जाणवत नाही, इन्व्हर्टर आहे. दुसऱ्या तासाला तो शिट्या मारून बंद पडतो. सकाळी टाकीतलं पाणी संपतं, दुपारी फोन मान टाकतो, संध्याकाळी फ्रिजमधलं दूध फाटतं. दुसऱ्या दिवशी घरातली माणसं एकमेकांवर खेकसायला लागतात आणि कुणीतरी म्हणतं, "आता जनरेटर घेऊनच टाकू."

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढलं, तेव्हा आमच्या वाडीत उभा राहिलेला विजेचा खांब शोधावा लागत होता. बावीस दिवस वीज नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याने वर सरकत गुजरातकडे गेलं, तेव्हा पाच दिवस. बाकीच्या वर्षी एक-दोन दिवसांचं जाणं-येणं चालूच. जनरेटर आम्ही अजून घेतलेला नाही आणि आता लागेल असंही वाटत नाही. एकूण खर्च सात हजारांच्या आत बसला, तोही दोन-तीन पावसाळ्यांत विभागून.

त्या बावीस दिवसांत एक गोष्ट मला पक्की कळली. दोन तास लाइट जाणं आणि दोन आठवडे लाइट नसणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. आपण सगळे पैसे पहिल्यावर खर्च करतो आणि दुसऱ्याच्या वेळीही तेच औषध पाजत बसतो. दुसऱ्यावरचं औषध आमच्या घरात आधीपासून होतं, पण नूतनीकरणात निम्मं काढून टाकलेलं आणि निम्मं माळ्यावर चढवलेलं. तरी पहिल्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यांत जास्त विचारणा त्याचीच होते.

इन्व्हर्टर दोन तासांत का बसतो?

बॅटरी बदलण्याआधी एक बेरीज करा. बऱ्याच घरांत १५० एएचची (अँपिअर-तासांची) एक बॅटरी असते. १५० गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. त्यातलं काही इन्व्हर्टर स्वतःच खातो, शिवाय बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते. हाताशी १,१०० ते १,२०० धरा, तेही बॅटरी नवी असताना. आता इन्व्हर्टरवर काय काय लावलंय ते मोजा. आमच्याकडे तीन जुने पंखे प्रत्येकी ७५ वॉटचे, चार एलईडी ट्यूब प्रत्येकी २०, टीव्ही ८०, वायफायचा डबा १०. झाले ३९५. म्हणजे नव्या बॅटरीवरही तीन तासच. आमची चार वर्षांची, निम्म्या ताकदीची, म्हणून दीड तास. यात बिघाड असा काहीच नव्हता.

शिवाय बॅटरीवर 'सी-२०' असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ, १५० एएच हा आकडा वीस तासांत सावकाश काढलं तरच मिळतो, म्हणजे साडेसात अँपिअरने, साधारण ९० वॉटच्या ओझ्याला. त्याच्या चौपट ओझं टाकलं तर आकड्याइतकी वीज निघतच नाही.

आम्ही बॅटरी तशीच ठेवली आणि माजघरात एक बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा बसवला. तो ३० वॉट घेतो आणि तीन हजारांच्या आसपास येतो, नवी बॅटरी त्याच्या चार-पाच पट. लाइट गेली की रात्री सगळे माजघरात झोपतात. एक पंखा, नऊ वॉटचे दोन दिवे आणि वायफाय मिळून ५८ वॉट. तीच जुनी बॅटरी आता रात्र काढते. टीव्हीचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवरून वायरमनकडून कायमचा काढून घेतला. यावर घरात थोडी नाराजी झाली, पण नुसतं 'लावायचा नाही' असं ठरवून ते पाळलं जात नाही, हे आधी दोन पावसाळे पाहिलं होतं.

बेरीज बरोबर असूनही लवकर बसत असेल तर पुढचं क्रमाने पाहा.

पाणी. बॅटरीच्या झाकणांवरचे तरंगते दांडे लाल खुणेच्या खाली गेलेत का? डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं, फिल्टरचं, उकळून गार केलेलं, यांपैकी काहीही चालत नाही, त्यातले क्षार प्लेटा खराब करतात. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर हिरव्या खुणेपर्यंत भरा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढंच घाला, चार्ज करा, मग बाकीचं.

टर्मिनल. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत पांढरी-हिरवी भुकटी फार लवकर धरते. इन्व्हर्टर बंद करून, तारा सोडून, गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशने घासा. सोड्याचं पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं पुसा, नट घट्ट आवळा, वर व्हॅसलीनचा हात फिरवा. सोडताना आधी वजा टोक, जोडताना ते शेवटी.

चार्जिंग. हे खेड्यातलं खास दुखणं आणि बऱ्याच मेकॅनिकांच्याही लक्षात येत नाही. लाइट येते, पण १६०-१७० व्होल्टच. बल्ब पेटतो म्हणून आपण समजतो चार्ज होतंय. अनेक इन्व्हर्टरना मागे एक छोटं बटण असतं, यूपीएस आणि साधा किंवा इको. यूपीएसवर ठेवलं तर साधारण १८० व्होल्टच्या खाली इन्व्हर्टर बाहेरची वीज घेतच नाही, उलट स्वतःच्या बॅटरीवर चालत राहतो. साध्यावर ठेवलं की १०० व्होल्टच्या जवळपासही घेतो. आमचं बटण तीन वर्षं चुकीच्या बाजूला होतं! घरात कॉम्प्युटर चालत नसेल तर साध्यावरच ठेवा.

आणि शेवटची सवय. इन्व्हर्टरने शिट्टी मारली की तो बंद करायचा, पुन्हापुन्हा चालू करून उरलेलं पिळायचं नाही. रिकामी बॅटरी आठवडाभर तशीच पडली तर प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात आणि ती ताकद परत येत नाही. लाइट लवकर येणार नाही असं दिसलं तर निम्म्यावरच थांबा. अडीचशे-तीनशे रुपयांच्या मल्टीमीटरने बघता येतं: तासभर विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या वर म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. निसर्गच्या वेळी हे ठाऊक असतं तर आमची बॅटरी वाचली असती. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ समई-निरांजन नको आणि बंद कपाटात ती ठेवू नका.

छतावर सोलर आहे, तरी घरात अंधार का?

हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत वाढलाय. पीएम सूर्यघर योजनेतून अनेकांनी पॅनेल बसवली. त्यातली बहुतेक यंत्रणा विजेच्या लाइनला जोडलेली असते आणि लाइन बंद पडली की ती मुद्दाम बंद होते, नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी लाइनवर जाऊन खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव घेईल. बिघाड नाही, रचनाच तशी आहे. लाइट नसताना चालायला हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि तो खर्च वेगळा. बसवण्याआधीच विचारा.

जनरेटरलाही हेच लागू. कुणी भाड्याने आणला तर दोन टोकांना पिन लावलेली वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसून घर चालवू नका. घर लाइनवरून तोडून जनरेटरवर घेणारा चेंजओव्हर स्विच नसेल तर सरळ जनरेटरवरूनच एक्स्टेंशन घ्या, आणि जनरेटर पडवीतही नाही, अंगणात, खिडक्यांपासून लांब. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीचंही तेच.

पाणी का अडतं?

आता खऱ्या दुखण्याकडे येते. निसर्गनंतर तिसऱ्या दिवशी आम्ही सहा माणसं आणि दोन गाई पाण्याने भरलेल्या विहिरीच्या काठावर उभ्या होतो आणि पाणी काढता येत नव्हतं. पंप बसवला तेव्हा रहाट काढला. कचरा पडू नये म्हणून विहिरीवर लोखंडी जाळी वेल्ड केली, तिला पोहरा जाईल एवढं तोंडच ठेवलं नाही. दोर गोठ्यात होता, उंदरांनी खाल्लेला. शेवटी शेजारच्या काकूंच्या विहिरीवरून कळशीने पाणी आणलं, दिवसाला पंधरा-सोळा खेपा. सासूबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या, "रहाट काढलात तेव्हाच मी बोलले होते." खरंच बोलल्या होत्या, आम्ही ऐकलं नाही.

इन्व्हर्टरवर पंप चालेल का, असं विचारू नका. एक अश्वशक्तीची मोटर चालताना साडेसातशे वॉटच्या वर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. घरातला साधा इन्व्हर्टर तेवढा झटका सोसत नाही.

मग काय केलं? जाळी कापून बिजागरीचं झाकण बसवलं, कुलपासकट, कारण घरात लहान मूल आहे. कठड्यावर लोखंडी कमान आणि कप्पी. नायलॉनचा दोर घेतला. सुंभाचा हाताला बरा, पण पावसाळ्यात कुजतो. पोहरा जुनाच निघाला. सगळं मिळून अठराशे रुपये. मे महिन्यात एक रविवार सगळं पाणी हाताने काढतो, त्याने कप्पी कुरकुरते का, दोर कुठे विरलाय का ते कळतं, आणि मुलांना पोहरा कसा झटका देऊन बुडवायचा ते येतं. ते ऐन वादळात शिकण्याचं काम नव्हे.

हिशेब असा: पिणं, स्वयंपाक, भांडी, अंघोळ आणि संडास काटकसरीने धरून माणशी २५ लिटर, आणि गाईला एकटीला दिवसाला ५० लिटरपर्यंत. गाय जास्त पिते हे लोक विसरतात. पावसाळ्यात संडासाचं, गोठ्याचं आणि कपड्यांचं पाणी विहिरीतून काढायचंच नाही. पागोळ्यांखाली पिंप लावा. पन्हळ असेल तर कोपऱ्यातलं एक पिंप जोराच्या सरीत बघता बघता भरतं. पहिल्या एक-दोन पावसांचं कौलांवरची घाण घेऊन येतं, ते सोडून द्या. पिंपावर जुन्या साडीचं फडकं घट्ट बांधा, डास होत नाहीत.

पिण्याचं पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्या, मग गाळा आणि उकळा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, म्हणून उकळणं सोडू नका.

फक्त बोअर असणाऱ्यांना दोर-पोहऱ्याचा उपाय नाही. त्यांनी उंचावरची टाकी, वादळाचा इशारा आला की लगेच काठोकाठ भरणं, आणि जवळची सार्वजनिक विहीर किंवा हातपंप चालू आहे ना ते मे महिन्यातच बघणं, एवढं करावं. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही टाकी आणि पिंप हेच.

चूल, पाटा आणि आगोट

स्वयंपाक गॅसवर होतो म्हणून वीज नसली तरी चालेल असं वाटतं. पण मिक्सर बंद, म्हणजे वाटण बंद. गावातली पिठाची गिरणी बंद, म्हणजे भाकरी बंद. फ्रिज बंद. आणि रस्त्यावर झाडं पडलेली असली तर सिलिंडरची गाडीही येत नाही.

आमच्याकडे याला जुना शब्द आहे, आगोट. पावसाळ्याआधी घरात भरून ठेवायचं सामान. तांदूळ, कुळीथ, वाल, सुकट-बोंबील, आमसुलं, मीठ, पापड-लोणचं, राखेत किंवा मातीत घोळून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. आता दुकान जवळ आलं म्हणून आम्ही आगोट सोडली होती, ती पुन्हा धरली. एकरकमी पैसे लागत नाहीत, फेब्रुवारीपासून दर महिन्याच्या किराण्यात दोन-तीन वस्तू जास्त घ्यायच्या आणि पावसाळ्यात त्याच खाऊन संपवायच्या. पीठ मात्र फार दळून ठेवू नका, दमट हवेत त्यात पोरकिडे होतात. तांदूळ आणि पोहे टिकतात. कुळथाची पिठी भाजून डब्यात असली की कढण किंवा पिठलं दहा मिनिटांत होतं, सोबत भात.

पाटा-वरवंटा मागच्या दारी कपडे धुवायला लावला होता. तो परत आत आणला, पण गुळगुळीत झालेला, वाटणच होईना. पाथरवटाकडून टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचून, घेतली तेव्हा खोबरं वाटलं जायला लागलं. घरातल्या पाट्यावरून हात फिरवून बघा, खरखरीत लागला पाहिजे.

गॅस वाचवायला भाताचा कुकर एक शिट्टी झाली की बंद करून गोधडीत गुंडाळून ठेवतो, अर्ध्या-पाऊण तासात आतल्या वाफेवर भात शिजतो. डाळ आधी भिजवली तर तीही होते. अंघोळीचं पाणी मागच्या चुलीवर. नारळाची सोडणं, करवंट्या आणि झावळीच्या पिड्या मे संपायच्या आत पडवीत उंचावर रचा. ओल्या लाकडाने चूल पेटत नाही, फक्त डोळे जातात.

फ्रिजबद्दल: दार उघडलं नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. त्यानंतर ते साधं कपाट आहे असं समजा. दूध सात-आठ तासांनी उकळत राहा, उरलं तर विरजण लावा. मासे असतील तर त्याच दिवशी मीठ-हळद लावून तळून संपवा. घरात इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर न उघडलेल्या बाटल्यांची सोय आधीच ठरवा. वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुधा चार आठवडे ३० अंशांच्या आत बाहेर चालतं, नेमके दिवस डब्यातल्या कागदावर असतात. ओल्या मडक्याने गारवा उन्हाळ्यात मिळतो, जुलैतल्या दमट हवेत जवळजवळ नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. नेब्युलायझर किंवा ऑक्सिजनचं यंत्र लागणारं माणूस असेल तर वादळाच्या इशाऱ्यालाच त्यांना तालुक्याच्या गावी हलवा. तिथे काटकसर करायची नाही.

उजेड आणि फोन

उजेडाचं काम सोपं आहे. एक कपाळावर बांधायचा टॉर्च घ्या, गोठ्यात आणि चुलीपाशी दोन्ही हात मोकळे राहतात. घरात दिव्यामागे स्टीलचं ताट उभं केलं की उजेड खोलीभर पसरतो. कंदील आहे, पण रॉकेल आता मिळणं अवघड. आमच्याकडे समईत करंजाचं तेल जाळतो, पूर्वी उंडीचंही जाळायचे. ते खायचं नव्हे, बाटलीवर तसं लिहून वेगळं ठेवा. टॉर्चमधले सेल पावसाळा संपला की काढून ठेवा, नाहीतर गळून स्प्रिंग खातात.

पॉवरबँकवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं, फोनपर्यंत सहा हजारांच्या आसपास पोचतात. म्हणजे आजच्या फोनला एकदा पूर्ण आणि थोडं. फोनचं खरं रक्त जातं ते रेंज शोधण्यात. टॉवरच्या बॅटऱ्याही संपतात, मग फोन दिवसभर हवेत हात मारत बसतो. म्हणून विमान-मोडवर ठेवा, आणि सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं चालू करा. मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांना या वेळा आधीच सांगून ठेवा, त्यांचा जीव टांगणीला लागत नाही. घरात एक बटणांचा फोन चार्ज करून ठेवा. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून देव्हाऱ्याच्या फळीला चिकटवा. बातम्यांना सेलवरचा रेडिओ.

आणि रोख पैसे. नेट नसलं की मोबाइलवरून पैसे जात नाहीत, एटीएम बंद. दहा, पन्नास, शंभरच्या नोटांत दोन-तीन हजार डब्यात. पाचशेची नोट त्या दिवसांत कुणी मोडून देत नाही.

लाइट परत येताना

इथेच लोकांचे फ्रिज आणि मोटरी जळतात. लाइट गेली की पंप, फ्रिज आणि टीव्ही बटणावरून बंद करा, इन्व्हर्टरच्या लाइनबाहेरचा फक्त एक दिवा चालू ठेवा. तार तुटून पडलेली दिसली तर ती बंदच असेल असं धरून जवळ जाऊ नका, गुरंही तिकडे सोडू नका. महावितरणच्या १९१२ वर कळवा आणि खांबावरचा नंबर सांगा, जागा पटकन सापडते. लाइट आली की दहा मिनिटं तो एक दिवा नुसता बघा. फार प्रखर, मंद किंवा मिणमिणता असेल तर काहीही लावू नका, न्यूट्रलची तार सुटलेली असू शकते. उजेड स्थिर असला की मल्टीमीटरने व्होल्टेज बघा. २०० च्या वर असेल तर सगळ्यांत आधी पंप, टाकी काठोकाठ. मग इन्व्हर्टर चार्जिंगला. फ्रिज त्यानंतर. पहिल्या तासात लाइट पुन्हा जाते असा आमचा दरवर्षीचा अनुभव आहे, तेवढ्यात टाकी भरलेली असली पाहिजे.